जुन्या मोटरबोटीचे इंजिन पंधरा मिनिटांनी बंद पडते, थांबले की सुरू होते आणि पुन्हा बंद पडते

स्वस्तात मिळालेली जुनी मोटरबोट पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. इंजिन काठावर दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होते, बोट आत जाईपर्यंत सगळे सुरळीत चालते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी, काठ चांगला लांब राहिल्यावर, इंजिन गुदमरू लागते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबून दोरी ओढली की ते काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा बसते. काठावर आणून मेकॅनिकला दाखवावे, तर त्याच्यासमोर अर्धा तास निमूट चालते. आमच्या बोटीने हा खेळ आमच्याशी एक अख्खा उन्हाळा खेळला, आणि त्या काळात आम्ही जे जे बदलले त्यातील बहुतेक बदलण्याची गरजच नव्हती.

बोट मी आणि माझे मेहुणे अशी आम्ही दोघांनी निम्म्या-निम्म्या पैशांत घेतली. मी राहतो सोलापुरात. मेहुण्यांची शेती करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. चौदा फुटांची फायबरची बोट, मागे १५ हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आणि लाल प्लास्टिकची बारा लिटरची सुटी टाकी असा तो ऐवज कोकणपट्टीतून टेम्पोने आला. विकणाऱ्याने इंजिन पाण्याच्या पिंपात उभे करून सुरू करून दाखवले होते. आवाज स्वच्छ होता, धूर बेताचा होता, आणि नवख्या माणसाचे समाधान तेवढ्याने होते.

पिंपातील परीक्षेने या दोषाबद्दल काहीही कळत नाही, हे आम्हाला फार उशिरा उमगले. पिंपात इंजिन मंद गतीवर, ओझ्याविना चालते. १५ हॉर्सपॉवरचे जुने टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण सहा लिटर पेट्रोल पिते. मंद गतीवर त्याला तासाला लिटरभरही लागत नाही. म्हणजे पेट्रोलची वाट तीन-चतुर्थांश तुंबलेली असली, तरी पिंपात ते इंजिन खुशाल चालणार. खरा प्रश्न उभा राहतो तो दोन माणसे बसवून, हँडल पूर्ण पिळून, वाऱ्याच्या विरुद्ध बोट नेताना. मेकॅनिकच्या दारात इंजिन शहाण्यासारखे वागते, त्याचे कारणही हेच आहे.

शोध सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट. उजनीच्या फुगवट्यात उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा वारा अचानक सुटतो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. बंद इंजिनाची बोट वाऱ्याला आडवी होते आणि लाटा तिच्या बाजूवर आदळू लागतात. म्हणून दोष सापडेपर्यंत बोट काठापासून वल्ह्यांच्या टप्प्याबाहेर नेऊ नये, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट बांधलेले असावे, आणि दोरीसह नांगर पुढच्या टोकाला तयार असावा. नांगर पुढून टाकला की बोटीचे तोंड वाऱ्याकडे वळते. मागून टाकला तर पाणी इंजिनाच्या बाजूने आत येते.

आता मूळ प्रश्न. इंजिन बंद पडते, एवढ्या माहितीवर कोणालाच काही सांगता येत नाही. ते कसे बंद पडते, हे पाहिले पाहिजे. आचके देत, कमी-जास्त होत, हँडल सैल सोडल्यावर जरा सावरत बंद पडत असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. दिव्याचे बटण दाबावे तसे एका क्षणात गप्प होत असेल, तर ठिणगी जात आहे. वेग आपोआप उतरत जातो, आवाज जड होतो, झाकणाखालून तापलेल्या रंगाचा वास येतो आणि मग ते थांबते, असे असेल तर इंजिन तापत आहे. या तिसऱ्या प्रकारात एकदाही पुन्हा दोरी ओढून पाहू नये, कारण पिस्टन सिलिंडरला घासत असण्याची शक्यता असते आणि त्या एका ओढीत इंजिन जाम होऊ शकते.

निदान पक्के करण्यासाठी इंजिन बंद पडल्या-पडल्या, थंड होऊ न देता, स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचलेले नाही. ओला असेल तर पेट्रोल आहे आणि ठिणगी नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती इंजिन बंद पडलेल्या जागीच करावी लागते, म्हणून प्लगचा पाना नेहमी बोटीत हवा. आम्ही तो पहिले दोन महिने सोलापुरात घरी ठेवला होता. प्लग न पाहताच मेकॅनिकने ठिणगीचा सीडीआय डबा गेल्याचे ठरवले, आम्ही तो बदलला, आणि पुढच्या रविवारी इंजिन त्याच जागी, त्याच पद्धतीने बंद पडले.

आमचा प्लग कोरडा होता. म्हणून पेट्रोलच्या वाटेने टाकीपासून इंजिनाकडे, एकेक पायरी तपासत जावे लागले, आणि माझ्या अनुभवाने या तक्रारीचे उत्तर बहुधा याच वाटेवर सापडते.

टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. पेट्रोल जसे बाहेर जाते तशी त्याची जागा घ्यायला हवा आत आली पाहिजे. स्क्रू बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिनाच्या लहानशा पडद्याच्या पंपाला ती ओढ पेलत नाही. भरलेल्या टाकीत वर हवा थोडी असते म्हणून इंजिन लवकर बसते, अर्ध्या टाकीवर जास्त वेळ चालते. हा फरक दिसला तर पहिला संशय या स्क्रूवर घ्यावा. प्लास्टिकच्या टाकीच्या बाजू आत ओढल्यासारख्या दिसतात, आणि झाकण सैल करताच फुस्स असा आवाज येतो. आम्हाला हे काठावर जाळी झाडत बसलेल्या एका मच्छीमाराने सांगितले. त्याने आमची टाकी नुसती पाहिली आणि म्हणाला, “मालक, झाकण ढिलं करा की. तिला दम घ्यायला जागा नाही.” झाकण सैल केले, आणि त्या दिवशी बोट पंचवीस मिनिटे चालली. आम्हाला वाटले, सुटलो.

स्क्रू बंद ठेवण्याला सोलापूरच्या उन्हात एक उलटी बाजूही आहे. चाळीस-बेचाळीस अंश तापमानात उन्हात ठेवलेली बंद टाकी फुगते, आणि पाइप जोडलेला असेल तर दाबाने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये शिरून प्लग भिजतो. म्हणून बोट उभी असताना पाइप इंजिनापासून काढून ठेवावा, टाकीवर ओले पोते टाकावे, आणि निघताना स्क्रू उघडावा.

पुढची पायरी म्हणजे पाइपच्या मधला रबरी फुगा, जो हाताने दाबून पेट्रोल इंजिनाकडे ढकलतात. त्यावर बाण असतो आणि तो इंजिनाकडे असावा लागतो. जुन्या बोटीवर कोणीतरी तो उलटा बसवलेला असणे मुळीच अशक्य नाही. इंजिन गुदमरायला लागले की एकाने हँडल धरावे आणि दुसऱ्याने फुग्याकडे पाहावे. फुगा चपटा झालेला असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. तो कडक असूनही इंजिन उपाशी असेल, तर अडथळा पलीकडे, म्हणजे फिल्टर, पंप किंवा कार्बोरेटरमध्ये आहे. तो मऊ असेल आणि हाताने दाबत राहिल्याने इंजिन सावरत असेल, तर कुठूनतरी हवा आत घुसत आहे किंवा पंपाचा पडदा फाटला आहे. फुगा आणि इंजिन यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाइप काही दिवसांपुरता बसवला, तर हवेचे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हवा बहुधा पाइप जोडणाऱ्या कनेक्टरच्या बारीक रबरी रिंगमधून शिरते. ती रिंग टाकीच्या तुलनेत कवडीमोलाची असते आणि तिच्यापायी माणसे टाकी बदलतात.

आमचा फुगा, स्क्रू उघडा असूनही, पंचविसाव्या मिनिटाला चपटा झाला. टाकीतील नळीची जाळी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. तेव्हा त्याच मच्छीमाराने स्वतःच्या बोटीची टाकी, पाइप आणि फुगा यांसकट आम्हाला जोडून दिली. कनेक्टर एकाच बनावटीचा निघाला हे आमचे नशीब, कारण तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. त्या टाकीवर इंजिन चाळीस मिनिटे पूर्ण वेगात न कुरकुरता चालले. या एका अदलाबदलीने अर्धा प्रश्न सुटतो: उसन्या टाकीवर इंजिन चालले, तर इंजिनाला हातही लावू नये.

म्हणजे दोष टाकी आणि फुगा यांच्यामधल्या हातभर पाइपमध्ये होता, आणि बाहेरून त्या पाइपला ओरखडाही नव्हता. मेहुण्यांनी तो ब्लेडने उभा चिरला. आत रबराचे अस्तर सापाच्या कातीसारखे सुटले होते आणि त्याची एक जीभ मध्येच लोंबत होती. इंजिनाने ओढले की ती वाटेवर आडवी येई, जितकी ओढ जास्त तितकी घट्ट. इंजिन बंद पडले की ओढ संपते, जीभ सैल होते, आणि दहा मिनिटांनी सारे पुन्हा पूर्ववत. विश्रांतीने बरे होणाऱ्या इंजिनाचे गूढ एवढेच होते. पाइप आणि फुगा दोन्ही नवे घातले. दोहोंचा मिळून खर्च आधी बदललेल्या सीडीआय डब्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता.

अस्तर सुटण्याचे कारण बहुतेक करून पेट्रोलमधील इथेनॉल असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या बोटींवरचे पाइप, पडदे आणि रिंगा ते सोसण्यासाठी बनवलेल्याच नसतात. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल तयार होताना आपण रोज पाहतो, पण ते पाणी शोषून घेते आणि हे शोषण प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते, इकडे लक्ष जात नाही. ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. टू-स्ट्रोक इंजिनात हे जास्त घातक आहे, कारण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि इंजिनाला ऑइलविना पाणीदार इंधन मिळते. शंका आली तर तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर ते सारे टाकून द्यावे, गाळून वापरू नये. महिनाभर पडून राहिलेले पेट्रोल आम्ही आता बोटीत वापरतच नाही. ऑइलचे प्रमाण इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावे. ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे दहा लिटरला २०० मिलिलिटर. ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे, पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचे घ्यावे. स्कूटरचे टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते.

कार्बोरेटरबद्दल जास्त लिहीत नाही. बोट वर्षभर बंद होती असे कळले, तर तो खोलून त्यातील जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र, साफ करून घ्यावा. पण आधी पाइप बदलावा, नाहीतर सुटलेल्या अस्तराचा कचरा स्वच्छ जेटमध्ये पुन्हा जाऊन बसतो.

पाइप बदलल्यावर तीन रविवार बरे गेले, आणि चौथ्या रविवारी इंजिन पुन्हा बंद पडले. जुन्या बोटीत दोन दोष एकमेकांच्या पाठीशी लपलेले असतात, हे नवख्याने धरूनच चालावे. पेट्रोल कमी पडत होते तोवर इंजिन कधी सलग पूर्ण वेगात चाललेच नव्हते, म्हणून त्याचे तापणे उघड झाले नव्हते. या वेळी बंद पडण्याची रीत वेगळी होती: वेग हळूहळू उतरला, आणि मागच्या बारीक छिद्रातून सतत पडणारी पाण्याची धार थेंबाथेंबावर आली होती.

ती धार म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरत असल्याची खूण. ती सुरू झाल्यापासून मिनिटभरात दिसली पाहिजे, हाताला कोमट लागली पाहिजे, आणि वाफाळली की इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. उजनीत पहिले कारण बहुधा जलपर्णी किंवा प्लास्टिकची पिशवी: पाणी ओढणारी जाळी पंख्याच्या वरच्या भागात असते आणि तिच्यावर एखादे मूळ गुंडाळले तरी पुरते. इंजिन बंद करून वर उचलून जाळी साफ करावी. धार नुसतीच बारीक असेल, तर छिद्रात पातळ तार फिरवून पाहावी, कारण कधी कधी फक्त छिद्रच मातीने बुजलेले असते. त्यानेही धार सुधारली नाही, तर खालचा भाग उतरवून पाण्याचा पंप उघडावा लागतो. आमच्या इंपेलरच्या, म्हणजे पंपात पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, सहा रबरी पाकळ्यांपैकी दोन वाकलेल्या अवस्थेतच कडक झाल्या होत्या आणि एक तुटलेली होती. तुटलेला तुकडा मेहुण्यांनी वरच्या नळीतून चिमट्याने काढला. तो शोधल्याशिवाय नवा इंपेलर बसवून उपयोग नसतो, कारण तुकडा पुढे जाऊन वाट अडवतो. थर्मोस्टॅटच्या खोबणीत मिठाचा पांढरा खर होता. समुद्रात वापरलेले इंजिन गोड्या पाण्यात आणले, तरी आधीचे मीठ आपोआप जात नाही. इंपेलर एक-दोन वर्षांनी बदलायचाच असतो, आणि इंजिन पाण्याबाहेर अर्धा मिनिट जरी सुरू केले तरी तो जळतो, हे विकणाऱ्याने सांगितले नसले तरी गृहीत धरावे.

प्लग ओला असून ठिणगी जात असेल, तर गरम झाल्यावर ठिणगीची वीज पुरवणारा कॉइल किंवा स्टेटर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, हे खरे आहे. पण त्याआधी लाल दोरी ओढली की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची वायर पाहावी. ती हँडलच्या सांध्यात घासून उघडी पडली की धातूला टेकताच इंजिन एका क्षणात बंद पडते, आणि दोष कॉइलवर जातो. ठिणगीची तपासणी करताना टाकी आणि सांडलेले पेट्रोल दूर हवे, आणि काम शक्यतो काठावर करावे.

ज्यांनी बोट अजून घेतलेली नाही, त्यांनी विकणाऱ्याकडे पोहोचताच आधी इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट असेल, तर कोणीतरी आपण येण्यापूर्वी ते चालवून ठेवले आहे. थंड इंजिन सुरू करून बोट पाण्यात, दोन-तीन माणसे बसवून, पूर्ण वेगात किमान अर्धा तास चालवायला सांगावी, आणि विकणारा पिंपाचाच आग्रह धरत असेल तर परत फिरावे. गिअरचे ऑइल खालच्या स्क्रूतून थेंबभर काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी जात आहे. इंजिन वर उचलून हलवताना बोटीची मागची फळी लवत असेल, तर फायबरच्या आतले प्लायवुड कुजलेले आहे, आणि ती दुरुस्ती इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते. यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली लागते. म्हणून इंजिनावरचा क्रमांक कागदांशी जुळवावा आणि धरणाच्या पाण्यात बोट घालण्याच्या परवानगीची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी.

उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरले, की काठ मागे सरकतो, चिखल आणि जुने बुंधे वर येतात, आणि आम्ही बोट काढून ठेवतो. त्यापूर्वी इंजिन पिंपात सुरू करून पाइप काढतो आणि कार्बोरेटरमधील पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबतो. टाकी रिकामी करून झाकण आणि हवेचा स्क्रू दोन्ही बंद करतो. पुढच्या वेळी तो उघडायचा राहू नये म्हणून मेहुण्यांनी त्याला लाल चिंधी बांधली आहे.